आठ भेटींचा उपचार

गोव्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळच्या ओपीडीला बाकांवर गर्दी असते. कुणाला खोकला झालेला, कुणाला साखरेच्या गोळ्या न्यायच्या असतात, कुणाचं डोकं महिनाभर ठणकतंय. या डोकं ठणकणाऱ्या, झोप न लागणाऱ्या, ‘अंगात त्राणच राहिलं नाही’ म्हणणाऱ्या माणसांपैकी काहींना नैराश्याचा आजार असतो. ते त्यांना ठाऊक नसतं आणि डॉक्टरांना विचारायला वेळ नसतो. ताकदीच्या गोळ्या, एखादी वेदनाशामक गोळी, पुढचा नंबर. महिन्याभराने तोच माणूस पुन्हा त्याच बाकावर.

अशाच दहा केंद्रांमध्ये ‘संगाथ’ या संस्थेने एक प्रयोग केला. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ही संस्था गोव्यात सुरू केली. मुंबईत जन्मलेले पटेल मनोविकारतज्ज्ञ आहेत. झिंबाब्वेत काम करून आल्यावर एक गोष्ट त्यांना स्पष्ट दिसत होती. गरीब देशांत मनोविकारतज्ज्ञ इतके कमी आहेत की त्यांच्या भरवशावर राहिलं, तर बहुतेक रुग्णांना आयुष्यात कधीच उपचार मिळणार नाहीत. मग बोलण्यातून करायचा उपचार त्याच गावातल्या, दहावी झालेल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसाला शिकवता येईल का? आणि शिकवला तर तो खरोखर लागू पडेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘बरं वाटलं’ अशा अभिप्रायांवर सोडायचं नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं. नव्या औषधाची चाचणी घेतात तशीच याचीही घेतली. रुग्णाला नऊ प्रश्न विचारायचे: गेल्या दोन आठवड्यांत कामातला रस गेला का, झोप कशी आहे, भूक कशी आहे, स्वतःबद्दल वाईट वाटतं का, जगणं नकोसं होतं का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, म्हणजे जास्तीत जास्त सत्तावीस. चौदाहून अधिक गुण झालेल्या, म्हणजे बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला केंद्रातल्या डॉक्टरांकडून नेहमीचे, थोडे सुधारलेले उपचार. दुसऱ्याला तेच उपचार आणि त्याखेरीज समुपदेशकाबरोबर सहा ते आठ भेटी.

या भेटींत काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण समुपदेशनाबद्दल आपल्याकडे जे समज आहेत त्यांच्याशी त्याचा फारसा मेळ बसत नाही.

पहिल्या भेटीत समुपदेशक ऐकून घेते आणि मग समोरच्या माणसाला त्याच्याच आयुष्याचं एक चक्र दाखवते. मन उदास असतं म्हणून माणूस शेजारी जाणं बंद करतो, बाजारात जाणं टाळतो, देवळातल्या भजनाला बसत नाही. ज्या गोष्टींतून थोडा विरंगुळा मिळायचा, कुणाशी चार शब्द बोलणं व्हायचं, त्याच नेमक्या सुटतात. त्या सुटल्या की मन आणखी खचतं, आणि ते खचलं की उरलेल्याही सुटतात. हे चक्र मनाच्या बाजूने तोडणं कठीण असतं. ‘उदास होऊ नकोस’ असं सांगून कुणाची उदासी गेल्याचं ऐकिवात नाही. कृतीच्या बाजूने मात्र ते थोडं थोडं तोडता येतं.

म्हणून पुढच्या भेटीला एक तक्ता येतो. आठवड्यातल्या कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी काय केलं आणि तेव्हा मन कसं होतं, याची नोंद. समजा, एका बाईंनी लिहिलं की बुधवारी संध्याकाळी बहिणीशी फोनवर बोलल्यावर जरा मोकळं वाटलं. मग पुढच्या आठवड्याचं काम ठरतं: बहिणीला दोनदा फोन करायचा, कोणत्या दिवशी, किती वाजता तेही ठरवायचं, आणि मन लागलं नाही तरी करायचा. लिहिता येत नसेल तर चित्रांच्या खुणा चालतात. रुग्ण आलाच नाही तर समुपदेशक त्याच्या घरी जाते. कर्ज, नवऱ्याची दारू, सासरची भांडणं अशा खऱ्याखुऱ्या अडचणी असतील, तर त्यांचे तुकडे पाडून आज हाताशी असलेला एक तुकडा कोणता, ते दोघं मिळून शोधतात. घरातलं विश्वासाचं एखादं माणूसही बोलावून घेतलं जातं.

निकाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तीन महिन्यांनंतर नेहमीच्या उपचारांच्या गटातले ३९ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. समुपदेशन मिळालेल्या गटात हे प्रमाण ६४ टक्के होतं. वर्षभरानंतर पाहिलं तरी दोन गटांत फरक शिल्लक होता. याच धर्तीवर घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांसाठीही चाचणी झाली. तिथला फरक लहान होता, पण होता.

हा निकाल महाराष्ट्रातल्या प्रत्येक वाचकाला माहीत असायला हवा. आपल्याकडे समुपदेशन म्हणजे मोठ्या शहरातल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, खिशात पैसे असलेल्या माणसांनी करायची गोष्ट, असा ग्रह घट्ट बसला आहे. गोव्यातल्या त्या बाकांवर बसलेली माणसं कोकणी, मराठी, हिंदी बोलणारी होती. त्यांना बरं करणाऱ्या समुपदेशकही तशाच होत्या.

या प्रयोगाचा एक भाग वर्तमानपत्रांत फारसा आला नाही. खरं तर सगळ्यांत महत्त्वाचा तोच आहे. या समुपदेशकांना आधी काही आठवडे वर्गात शिकवलं गेलं आणि नंतर काही महिने त्यांनी उमेदवारी केली. पुढे रुग्णाच्या संमतीने भेटींचं ध्वनिमुद्रण व्हायचं. त्यातलं एखादं मुद्रण उचलून सगळ्या समुपदेशक एकत्र ऐकायच्या आणि ठरलेल्या निकषांवर गुण द्यायच्या. रुग्णाचं बोलणं मध्येच तोडलं का? उपदेश केला का? मागच्या आठवड्याच्या कामाची चौकशी केली का? पदवी नव्हती, पण दर्जावर देखरेख होती.

ध्वनिमुद्रण करून स्वतःचं काम तपासायची ही पद्धत मानसोपचारात जुनी आहे. १९४२ साली अमेरिकेतल्या कार्ल रॉजर्स यांनी समुपदेशन आणि मानसोपचारावरचं आपलं पुस्तक छापलं, त्यात एका रुग्णाबरोबरच्या सगळ्या भेटी शब्दशः दिल्या होत्या. त्याआधी बंद दाराआड काय चालतं, याची माहिती उपचार करणाऱ्याच्या आठवणीतूनच मिळायची. रॉजर्स यांनी ते दार उघडलं. भेटी तपासता येऊ लागल्या तशी पुढच्या दशकांत संशोधकांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली: उपचाराची शाखा कोणतीही असो, रुग्ण आणि उपचारक यांच्यात विश्वासाचं नातं जुळलं आहे का आणि दोघांचं उद्दिष्ट एक आहे का, याचा बरं होण्याशी संबंध असतो. पहिल्या दोन-तीन भेटींत मन जुळत नसेल तर समुपदेशक बदलावा, यात कुणाचा अपमान नाही.

आपल्या समाजात या नात्याची एक वेगळी अडचण आहे. मनोविकारतज्ज्ञ आणि पंजाबी कवी जसवंत सिंग नेकी यांनी १९७३ मध्ये तिच्यावर लिहिलं होतं. पाश्चात्त्य मानसोपचाराच्या बऱ्याच शाखांत उपचारक मत देत नाही, फक्त आरसा धरतो. भारतीय रुग्ण मात्र समोरच्याला गुरू मानून येतो आणि गुरूने सांगावं अशी त्याची अपेक्षा असते. नेकी म्हणत होते की या अपेक्षेला झिडकारू नका, गुरू-शिष्य नात्याच्या चौकटीतूनही उपचार होऊ शकतो. मराठी समुपदेशकांना हे रोज भेटतं. ‘तुम्हीच सांगा, मी आता काय करू?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत येतो. चांगला समुपदेशक त्यावर गप्प बसत नाही आणि ‘घटस्फोट घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असंही सांगत नाही. झोप, व्यसन, औषधं, सुरक्षितता अशा बाबतींत तो स्पष्ट सूचना देतो. आयुष्याचे निर्णय मात्र ज्याचे त्याच्याकडेच ठेवतो.

महाराष्ट्रात या उपचाराला मराठी वळण देण्याचं काम काही माणसांनी फार आधीपासून केलं आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली. प्रसंगामुळे जितका त्रास होतो, त्याहून अधिक त्रास त्या प्रसंगाबद्दलच्या आपल्या हट्टी समजुतींमुळे होतो, हे तिचं सूत्र. नापास झाल्याचं दुःख होणारच. पण ‘नापास झालो म्हणजे मी कवडीमोलाचा’ ही समजूत त्या दुःखाचं विष करते, आणि समजूत तपासता येते, बदलता येते. मुंबईत कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार ठेवून ही पद्धत इथे रुजवली आणि विद्यार्थी घडवले. डॉ. अंजली जोशी यांनी एलिस यांच्या आयुष्यावर मराठीत कादंबरी लिहिली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली आणि हीच विचारपद्धती लेखांतून, नाटकांतून, जाहीर कार्यक्रमांतून सर्वसामान्य मराठी माणसापर्यंत नेली. परीक्षेच्या दिवसांत एखादी आई ‘मार्क म्हणजे माझा मुलगा नव्हे’ असं म्हणते तेव्हा त्यामागे या मंडळींच्या कित्येक वर्षांच्या बोलण्याचा वाटा असतो.

एका माणसाबरोबरचं समुपदेशन समजायला त्या मानाने सोपं. खोलीत दोघं आले की सगळंच बदलतं, कारण तेव्हा रुग्ण कोण हा प्रश्नच फसवा ठरतो.

नवरा-बायकोच्या भांडणाची एक चाल जगभरच्या समुपदेशकांना पाठ आहे. ती विचारते, ‘आज उशीर का झाला?’ तो गप्प. तो गप्प म्हणून ती आणखी खोदून विचारते. ती खोदते म्हणून तो मोबाइल घेऊन दुसऱ्या खोलीत जातो. तिच्या मते भांडण त्याच्या अबोल्याने सुरू झालं, त्याच्या मते तिच्या प्रश्नांनी. दोघंही आपापल्या जागी खरं सांगत असतात. समुपदेशक सुरुवात कुणी केली हे शोधत बसत नाही. तो ते गोल फिरणं दोघांना एकाच वेळी दाखवतो: तुमचं गप्प बसणं यांना सोडून दिल्यासारखं वाटतं आणि तुमचं विचारणं यांना उलटतपासणीसारखं वाटतं. कित्येकदा हे वाक्य ऐकून दोघं पहिल्यांदाच एकमेकांकडे पाहतात.

जॉन गॉटमन यांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात या भांडणांचा प्रयोगशाळेत अभ्यास केला. जोडप्यांना वादाच्या विषयावर बोलायला सांगायचं, कॅमेरा लावायचा, हृदयाचे ठोके मोजायचे आणि काही वर्षांनी पुन्हा भेटून संसार टिकला का ते पाहायचं. संसार मोडणाऱ्या चार सवयी त्यांना आढळल्या: माणसाच्या स्वभावावरच बोट ठेवणारी टीका, तुच्छता, लगेच स्वतःचा बचाव आणि भिंतीसारखं गप्प होणं. यांतली तुच्छता सर्वांत घातक. डोळे फिरवणं, नक्कल करणं, ‘तुझ्या माहेरी हेच शिकवलं’ असं म्हणणं. त्यांचं आणखी एक निरीक्षण ऐकून अनेक जोडप्यांना हायसं वाटतं: नवरा-बायकोंमधले सुमारे ६९ टक्के मतभेद कधीच सुटत नाहीत, सुखी संसारातही नाहीत. सासरी किती दिवस राहायचं, पैसे कसे खर्च करायचे, यावरून वर्षानुवर्षं तेच वाद होत राहतात. फरक पडतो तो वाद कसा घातला जातो याने. वादात छाती धडधडायला लागली की कानांवर पडलेलं डोक्यात शिरत नाही. म्हणून निदान वीस मिनिटं थांबायचं आणि पुन्हा बोलायला यायचं, असा साधा नियम ते जोडप्यांना देतात. ‘पुन्हा बोलायला यायचं’ हा भाग गाळला तर ती विश्रांती राहत नाही, तोच जुना अबोला होतो.

महाराष्ट्रात अनेक जोडपी समुपदेशकाच्या खोलीत पहिल्यांदा जातात ती कोर्टामार्गे. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ चा. पुणे आणि मुंबईत ही न्यायालयं १९८९ मध्ये सुरू झाली. समेटाचा प्रयत्न करणं हे तिथे न्यायाधीशांचं कर्तव्य मानलं आहे आणि त्यासाठी विवाह समुपदेशक नेमलेले असतात. पण कोर्टाच्या पायरीपर्यंत पोचेस्तोवर बहुतेकांच्या नात्यात वकील, दोन्हीकडचे मामा-काका आणि बरीच कटुता शिरलेली असते. तिथल्या समुपदेशकाच्या हाती संसार वाचवणं क्वचितच असतं. मुलाला दोन घरांत कसं वाढवायचं, त्याच्यासमोर एकमेकांबद्दल काय बोलायचं नाही, हे ठरवणं मात्र त्याच्या हाती असतं, आणि मुलाच्या दृष्टीने ते लहान काम नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. घरात मारहाण असेल तर नवरा-बायकोला एकत्र बसवून ‘दोघांनीही थोडं समजून घ्या’ म्हणणं हे समुपदेशन नाही, अन्याय आहे. समुपदेशकासमोर बायको खरं बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत तीच मोजते. मुंबईत टाटा समाज विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये पोलीस आयुक्तालयाच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो हे ओळखूनच. पोलिसांच्या जागेत प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसल्या आणि पुढे हे काम राज्यभर पसरलं. तिथे पहिला प्रश्न बाई सुरक्षित आहे का, हा असतो. समेटाचा विचार नंतर, तोही तिला हवा असेल तर. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या नियमांमध्येही समुपदेशनात त्रास देणाऱ्याने हिंसा न करण्याची हमी द्यावी अशी तरतूद आहे. गावच्या तंटामुक्तीपासून नातेवाइकांच्या बैठकीपर्यंत ‘जुळवून घ्या’चा जो आग्रह चालतो, त्याला समुपदेशनाचं नाव देऊ नये.

कुटुंबाबरोबरचं काम याहून गुंतागुंतीचं, पण आपल्या मातीला ते मुळीच परकं नाही. फाळणीनंतरच्या काळात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबू ठोकून राहू दिलं. त्या काळी मनोरुग्णाला आत सोडून घरच्यांनी निघून जाणं हीच रीत होती. विद्यासागर यांनी घरच्यांना आजाराची माहिती दिली, सेवेत सामील करून घेतलं, त्यांच्या मनातली भीती आणि लाज काढली. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले आणि घरीच टिकू लागले. युरोप-अमेरिकेत कुटुंबोपचाराचं शास्त्र आकार घेत होतं, त्याच सुमारास पंजाबात हे घडत होतं.

कुटुंबोपचाराचा गाभा असा: ज्याला घरचे ‘प्रॉब्लेम’ म्हणून घेऊन येतात, तो पुष्कळदा घरातल्या ताणाचा बोलका भाग असतो. दहा वर्षांचा मुलगा शाळेत जायच्या वेळी रोज पोट दुखतं म्हणतो. डॉक्टरांच्या तपासण्यांत काही निघत नाही. समुपदेशक सगळ्यांना बोलावतो तेव्हा दिसतं की आई आणि आजी एकमेकींशी बोलतच नाहीत, निरोप मुलामार्फत जातात, आणि बाबा कामाच्या नावाखाली रात्री दहाला घरी येतात. मुलाच्या पोटदुखीच्या दिवशी मात्र तिघं एकत्र येतात. अर्जेंटिनात जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले साल्वादोर मिनुचिन अशा वेळी सरळ खुर्च्या बदलायला लावायचे. आई-वडिलांच्या मधोमध बसलेल्या मुलाला उठवून बाजूला बसवायचं आणि नवरा-बायकोने एकमेकांकडे तोंड करून बोलायचं. कुणाचं कुणाशी काय नातं आहे आणि कोणती गोष्ट मुलाच्या डोक्यावर नसावी, ते खोलीत त्या क्षणी दिसतं.

मराठी घरात हे करताना समुपदेशकाला सांभाळून पावलं टाकावी लागतात. सासूबाईंसमोर सुनेने खरं बोलायचं म्हणजे काय, हे त्याला माहीत असावं लागतं. म्हणून बरेच जण आधी प्रत्येकाला वेगवेगळं भेटतात, वडीलधाऱ्यांचा मान राखून त्यांनाच मदतीला बोलावतात: ‘आजी, तुम्ही इतकी वर्षं हे घर चालवलंत, तुम्हाला काय वाटतं, कुठे अडलंय?’ आजींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं तर पुढच्या भेटीला कुणीच येत नाही.

कुटुंबाला उपचारात घेण्याचं महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक उदाहरण पुण्यातलं ‘मुक्तांगण’. लेखक अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. देशपांड्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात व्यसनमुक्तीचं काम सुरू केलं. रुग्णमित्र पस्तीस दिवस आत राहतो, पण व्यसनाने त्याच्या बायकोचीही वाताहत केलेली असते. वर्षानुवर्षं त्याच्या बाटल्या लपवणं, साहेबांना फोन करून ‘ताप आलाय’ सांगणं, पैसे लपवणं, पोरांना गप्प करणं यांत तिचं सगळं आयुष्य गेलेलं असतं. ‘सहचरी’ गटात अशा बायका एकत्र येतात. त्याची दारू आपल्यामुळे नाही आणि ती थांबवणं आपल्या हातात नाही, हे तिथे एका बाईने दुसरीला सांगितलेलं पटतं. डॉक्टरने सांगितलेलं तितकं पटत नाही. नवरा दारू सोडून घरी आला की नवा पेच सुरू होतो. इतके दिवस सगळे निर्णय एकटीने घेतलेल्या बाईला आता ते वाटून घ्यायचे असतात आणि त्यालाही आपली जागा पुन्हा मिळवायची असते. मुक्तांगणचा पाठपुरावा तिथेच उपयोगी पडतो.

मदत घ्यायची ठरल्यावर जायचं कुणाकडे, हा प्रश्न अजून नीट सुटलेला नाही. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर, ते औषधं देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती तपासून पाहता येते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र आठवड्याभराचा कोर्स केलेल्यानेही लावली तर त्याला अडवणारी यंत्रणा बराच काळ नव्हती. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीचा कायदा झाला, त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आणि आरोग्य क्षेत्रातले काही समुपदेशक आले आहेत. तरीही माणसाने स्वतःच विचारायचं: शिक्षण कुठे झालं, कोणत्या पद्धतीने काम करता, तुमच्या कामावर देखरेख कोण करतं, किती भेटी लागतील असं वाटतं. या प्रश्नांवर जो रागावतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. जो ‘बाहेरचं काही आहे’ म्हणतो किंवा बरं करण्याची हमी देतो, त्याच्याकडे तर नाहीच.

गुप्ततेची भीती अनेकांना दारापर्यंत येऊन मागे फिरवते, लहान गावात तर जास्तच. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल, तेव्हा मात्र समुपदेशकाला गप्प राहता येत नाही, आणि चांगला समुपदेशक हे पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानावं आणि त्याला शिक्षेऐवजी मदत द्यावी, असं सांगितलं. मानसिक आजारांनाही इतर आजारांसारखंच विमा संरक्षण द्यावं असंही कायदा म्हणतो. तरी बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच्याच खर्चाच्या. दर आठवड्याच्या समुपदेशनाची फी माणूस खिशातूनच भरतो. ज्यांना तीही परवडत नाही किंवा ज्यांच्या तालुक्यात कुणीच नाही, त्यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानस क्रमांक आहे. तो विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

गोव्याची पद्धत विदर्भातही आणली गेली. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालला. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत येणारा हा भाग. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी आणि लहान सभांमधून नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली, समुपदेशकांनी भेटी घेतल्या, गरज पडेल त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोकांनी कुणाची तरी मदत घेतली होती. दीड वर्षाने हा आकडा २७.२ टक्क्यांवर गेला. तरीही दर चौघांतले जवळपास तिघं उपचाराबाहेरच होते. पण इतक्या थोड्या काळात एवढा बदल आपल्या सरकारी योजनांमध्ये क्वचित दिसतो.

पुढचं पाऊल मध्य प्रदेशात टाकलं गेलं. सिहोर जिल्ह्यात ‘संगाथ’ने आशा कार्यकर्त्यांना हाच नैराश्यावरचा उपचार मोबाइलवरून शिकवण्याचा प्रयोग केला. महाराष्ट्रात आशाताई प्रत्येक गावात आहेत. घरात कोण जेवत नाही, कुणाची सून माहेरी गेली, कोण रात्र रात्र अंगणात बसून असतो, हे त्यांना कळतं. त्यांना हे शिकवणं शक्य आहे, हे आता पुराव्यानिशी माहीत आहे. पण लसीकरण, बाळंतपणं, सर्वेक्षणं आणि तुटपुंजा मोबदला यांच्या ओझ्याखाली त्या आधीच वाकल्या आहेत, आणि मोबदल्यासाठी त्यांना वारंवार मुंबईच्या आझाद मैदानात आंदोलनाला बसावं लागतं. त्यांच्यावर आणखी एक काम टाकताना त्याचे वेगळे पैसे, त्यासाठीचा वेगळा वेळ आणि दर आठवड्याला त्यांचं काम ऐकून घेणारं, त्यांचाही ताण हलका करणारं एखादं प्रशिक्षित माणूस तालुक्याच्या ठिकाणी देणं, ही राज्याच्या आरोग्य विभागाची जबाबदारी आहे. गोव्यातला निकाल त्या देखरेखीसह मिळालेला आहे. ती वगळून केलेल्या योजनेकडून तशाच आकड्यांची अपेक्षा धरता येणार नाही.